सगळ्या गोळ्या एकत्र कुटून पेजेत घालण्याआधी

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. सासरे ७६ वर्षांचे, देवगडजवळच्या गावात असतात. तीन महिन्यांपूर्वी पक्षाघाताचा झटका आला, उजवी बाजू अजून कमजोर आहे. गोळी गिळताना ठसका लागतो म्हणून सासूबाई सकाळच्या सातही गोळ्या खलबत्त्यात एकत्र कुटतात आणि पेजेतून भरवतात. त्यानंतर तासाभरात त्यांना गरगरतं, अंग गळून जातं. तुम्ही मुंबईत आहात आणि विचारता आहात की या सगळ्या गोळ्यांची सिरपं मिळतील का.

सगळ्यांची मिळत नाहीत. पण मिळाली असती तरी मी ती लगेच काढून दिली नसती. झटका येऊन गेलेल्या माणसाला गोळीपेक्षा पातळ औषध सोपं जातं, हा समज आमच्या औषधाच्या दुकानाच्या काउंटरवर रोज भेटतो आणि पुष्कळदा तो उलटा असतो. पाणी, सिरप, चहा यांना घशात वेग असतो. श्वासनलिकेचं झाकण वेळेवर बंद होत नसेल तर ते सरळ छातीत उतरतात. अशा माणसाला दाट, गुळगुळीत घासातून गेलेली छोटी गोळी निभते, पण चमचाभर पाणी निभत नाही. म्हणून कोणतं औषध कोणत्या रूपात द्यायचं, हे ठरवण्याआधी गिळणं नेमकं कुठे अडतंय ते कळायला हवं.

‘गोळी गिळूक जमणा नाय’ हे एकच वाक्य घेऊन माझ्याकडे निरनिराळी माणसं येतात. कुणाला गोळी तोंडात धरली की घसाच आवळतो, बाकी जेवण झक्कास चालतं. ही निव्वळ सवयीची गोष्ट. कुणाचं सुपारी-गुटख्यामुळे तोंडच दोन बोटांपलीकडे उघडत नाही. कुणाला आधी भाकरी अडायची, मग भात, आता मऊभातही छातीशी अडतो आणि वजन उतरलंय. अशा माणसाने औषधाचं रूप बदलत बसू नये, आधी एंडोस्कोपी करून घ्यावी. मिश्री-तंबाखूची सवय असेल तर एक आठवडाही लांबवू नये. आणि मग सासऱ्यांसारखी माणसं, ज्यांच्या घशाच्या स्नायूंचा ताळमेळ बिघडलेला आहे. यांच्याबाबतीत ठसका हीच एक खूण धरून बसू नका. जेवल्यावर आवाज ओला, घोगरा येतो का, जेवण नेहमीपेक्षा लांबतं का, कारण न सापडता ताप आणि कफ पुन्हा पुन्हा होतो का, हे सासूबाईंना विचारा. काहींना छातीत अन्न उतरतं तरी ठसका येतच नाही. गिळण्याची तपासणी स्पीच थेरपिस्ट करतात. हे फार कुणाला ठाऊक नसतं, नावावरून वाटतं बोलायलाच शिकवत असतील. ओरोस, कणकवलीच्या बाजूला सोय होते का ते डॉक्टरांना विचारा. नाहीतर कोल्हापूर किंवा गोव्यात बांबोळीला फेरतपासणीला जाल तेव्हा ही तपासणी मागून घ्या.

आता गोळ्यांकडे येतो. तुम्ही पाठवलेल्या पट्ट्यांच्या फोटोंत नावापुढे बारीक अक्षरं आहेत. एसआर, एक्सएल, ईआर, सीआर, एमआर, रिटार्ड, क्रोनो असं शेपूट दिसलं की ती गोळी दिवसभर थोडं थोडं औषध सोडायला बनवलेली असते. ती कुटली की चोवीस तासांचं औषध तासा-दोन तासांत अंगात जातं. सासऱ्यांच्या यादीत मेटोप्रोलॉल एक्सएल ५० आहे, प्रोस्टेटचं टॅमसुलोसिन आहे आणि वर रक्तदाबाचं टेल्मिसार्टन ४०. एक नाडी मंद करतं, तिन्हींनी रक्तदाब उतरू शकतो, त्यातली दोन कुटल्यामुळे एकदम सुटतात. पेजेनंतरची गरगर यातूनच येत असण्याची दाट शक्यता आहे. पण अंदाजावर राहू नका. पेजेआधी आणि पेजेनंतर एक तासाने रक्तदाब व नाडी मोजून कागदावर लिहायला सांगा आणि तो कागद आजच डॉक्टरांना पाठवा. कुटणं थांबवायचं, पण औषधं आपल्या मनाने बंद करायची नाहीत. मेटोप्रोलॉल तर अचानक तोडणं हृदयाला धोक्याचं असतं.

मेटोप्रोलॉल एक्सएलच्या गोळीवर मधे रेघ असेल तर ती रेघेवर अर्धी करता येते, चावायची किंवा कुटायची मात्र नाही. अर्धी गोळीही जात नसेल तर साधं मेटोप्रोलॉल असतं, ते दिवसातून दोनदा द्यावं लागतं आणि ते कुटता येतं. मात्र दोन्हींत औषधाच्या क्षाराचा (सॉल्टचा) प्रकार वेगळा, सक्सिनेट आणि टार्ट्रेट, त्यामुळे मात्रा डॉक्टरांनीच लिहायची. मधुमेहाच्या मेटफॉर्मिनचंही तसंच आहे. एसआर काढून साधी गोळी दोन वेळा जेवणाबरोबर. साधी मेटफॉर्मिन कुटली तर चालते, फक्त कडू लागते आणि तिला चक्क माशासारखा वास येतो. आपल्याकडे त्याचं काय कौतुक, पण सोमवारी-गुरुवारी न खाणारं कुणी घरात असेल तर आधीच सांगून ठेवा.

टॅमसुलोसिनच्या कॅप्सूलमध्ये बारीक दाणे असतात आणि ते दाणे म्हणजेच हळूहळू सुटण्याची सोय. दाणे खलबत्त्यात गेले की प्रोस्टेटचं औषध रक्तदाब पाडायला लागतं. रात्री लघवीला उठलेला माणूस तोल जाऊन पडतो तो असा. याला कुटता येईल असा थेट पर्याय नाही. दुसरं औषध द्यायचं की हे दाट घासातून कॅप्सूलसकट गिळता येतं का पाहायचं, हे डॉक्टर ठरवतील. माझा अनुभव असा की घसा आणि तोंड आधी दोन घास खाऊन ओलं झालेलं असलं तर कॅप्सूल बरीच सोपी जाते. कोरड्या तोंडात ती टाळूला चिकटते.

ॲस्पिरिन आणि आम्लाची पॅन्टोप्राझोल या दोन्हींवर आतड्यात विरघळणारं वेष्टन असतं, तरी दोन्हींचं कारण वेगळं आहे. ॲस्पिरिनवरचं वेष्टन पोटाला जपण्यासाठी असतं. ते फोडलं तर ॲस्पिरिन काम करतंच. हार्ट अटॅकची शंका असताना ते चावूनच घ्यायला सांगतात. रोज मात्र असं केल्याने पोटाला त्रास होण्याची शक्यता राहते, म्हणून साध्या किंवा पाण्यात विरघळणाऱ्या ॲस्पिरिनबद्दल विचारा. पॅन्टोप्राझोलवरचं वेष्टन पोटातल्या आम्लापासून औषधालाच वाचवतं. ती गोळी कुटली की औषध पोटातच बिघडतं आणि सासूबाईंची मेहनत फुकट जाते. त्याऐवजी इसोमेप्राझोल किंवा ओमेप्राझोलची दाणेदार कॅप्सूल लिहून घेता येते. ती उघडून दाणे चमचाभर दह्यात, हंगामात हापूसच्या चमचाभर रसात मिसळून लगेच भरवायचे, चावू द्यायचे नाहीत. दूध नको, कारण या दाण्यांचं वेष्टन आंबटात टिकतं आणि दुधात विरघळायला लागतं. ज्यांना ‘चावू नका’ समजत नाही त्यांच्यासाठी तोंडात विरघळणारं लॅन्सोप्राझोल मिळतं. ॲस्पिरिन चालू असताना या वयात आम्लाची गोळी सहसा लागते. तरी ती अजून हवी आहे का, हे एकदा विचारायला हरकत नाही.

टेल्मिसार्टन आणि रात्रीचं कोलेस्टेरॉलचं अटोर्व्हास्टॅटिन कुटता येतात. पण टेल्मिसार्टन हवेतला ओलावा झपाट्याने ओढतं. आपल्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, मिठाच्या बरणीला पाणी सुटतं, तिथे हिची काय कथा. पट्टीतून काढली की लगेच कुटायची आणि लगेच द्यायची. आठवड्याच्या कप्प्यांच्या डबीत ती सुटी भरून ठेवायची नाही, आदल्या रात्री कुटून वाटीत तर नाहीच. फिट्सची साधी व्हॅल्प्रोएट गोळी आणि रक्त पातळ करणारी डॅबिगॅट्रानची कॅप्सूल यांनाही दमट हवा सोसत नाही. डॅबिगॅट्रान तर उघडूही नये. कॅप्सूलच्या टोपणातून काढलेलं औषध अंगात पाऊणपट जास्त भिनतं आणि रक्तस्राव होऊ शकतो.

राहिली कॅल्शियमची ती जाडजूड गोळी. अशा यादीत मी आधी हेच पाहतो की कोणती गोळी मुळात कमी करता येईल. कॅल्शियम, मल्टिव्हिटॅमिन, बी कॉम्प्लेक्स, कधीतरी सुरू झालेली आणि कुणी बंद न केलेली एखादी. नाचणीत शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, दूध-दही असतंच. डॉक्टरांनी ‘हवीच’ म्हटलं तर चघळायची गोळी किंवा सिरप मिळतं, आणि डी जीवनसत्त्वाची ६० हजार युनिटची पुडी दुधात किंवा दाट खिमटीत जाते. सात गोळ्यांच्या पाच झाल्या तर त्यासारखं रूप कुठलंच नाही. हाडांसाठी आठवड्याला एकदा घ्यायची ॲलेंड्रोनेट मात्र गिळण्याचा त्रास असलेल्याला देऊच नये. ती अन्ननलिकेत रेंगाळली तर जखम करते. त्याला वर्षातून एकदा शिरेतून द्यायचं झोलेड्रॉनिक ॲसिड हा पर्याय आहे, मूत्रपिंडाची तपासणी करून.

पेजेबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण सगळी गंमत तिथेच आहे. आपली उकड्या तांदळाची पेज म्हणजे खाली शितं आणि वर निवळ. ताकदीचं अन्न, वादच नाही. पण घसा कमजोर असलेल्याला सगळ्यात अवघड काय जातं तर पातळ आणि घट्ट एकत्र. शितं जिभेवर घोळत असतात तोवर निवळ घशात पोचलेली असते. म्हणून पेज घोटून, गाळून एकजीव करा, किंवा नाचणीचं सत्त्व दाट शिजवा. चमच्यात घेऊन चमचा तिरपा केला की गोळा एकदम सुटून पडला पाहिजे, धार लागता कामा नये, आणि चमच्याला चिकटूनही राहू नये. औषध पूर्ण वाटीत कालवू नका. वाटी अर्धी राहिली तर किती औषध गेलं, कुणाला सांगता येणार नाही. पहिले दोन घास नुसते, तिसऱ्या चमच्यात एक औषध, मग एक घास नुसता, मग दुसरं. हो, वेळ लागतो. उष्टा चमचा वाटीत बुडवत राहिलं की लाळेमुळे पेज पातळ होत जाते, हे दाट करून दिलेल्या सगळ्याच पिठूळ अन्नाचं आहे. दोन वाट्या करा आणि थोडंथोडं काढून घ्या. पोट साफ व्हायला मॅक्रोगोलची पावडर चालू असेल तर ती स्टार्चने दाट केलेल्या पाण्यात घालू नका, ते पाण्यासारखं पातळ होऊन बसतं.

भरवताना खुर्चीत ताठ बसवा, खाटेवर उशीला टेकून नको. हनुवटी किंचित खाली. घास डाव्या, म्हणजे चांगल्या बाजूला ठेवा. झाल्यावर उजव्या गालात बोट फिरवून बघा. कमजोर गालात गोळीचा तुकडा तसाच पडून राहतो आणि दुपारपर्यंत तिथे जखम होते. मी अशी पांढरी पडलेली गालाची कातडी पाहिली आहे आणि घरच्यांना वाटत होतं कवळी लागली. नंतर अर्धा तास आडवं होऊ देऊ नका. घरात थायरॉईडची गोळी किंवा सिप्रोफ्लॉक्सासिन, डॉक्सिसायक्लिनसारखं अँटिबायोटिक कुणाला चालू असेल तर ते नाचणी-दुधातून देऊ नका, कॅल्शियम त्यांना पकडून ठेवतं.

बाकी रूपांबद्दल लोकांचे दोन गोंधळ होतात. जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटसारखी गोळी तिथूनच रक्तात जाते. जिभेवर विरघळणारी ‘एमडी’ गोळी, म्हणजे उलटीची ऑन्डॅन्सेट्रॉन, क्लोनाझेपाम, ओलॅन्झापिन वगैरे, ही विरघळली तरी लाळेबरोबर पोटात जावीच लागते. पाणी लागत नाही हा तिचा मोठा फायदा, पण लाळ बाहेर गळत असेल तर औषधही बाहेर जातं. ही गोळी पट्टीतून दाबून काढू नका, मोडते. फॉइल सोलायचं आणि कोरड्या हाताने घ्यायची. पावसाळ्यात हात पुसल्याशिवाय तर नकोच, बोटालाच चिकटून विरघळायला लागते. दुसरी, ‘डीटी’ म्हणजे पाण्यात विरघळवायची. लहान मुलांची बरीच अँटिबायोटिक्स अशी येतात. अगदी थोड्या पाण्यात, चमचाभरच, विरघळवून ते दाट घासात मिसळता येतं. फसफसणाऱ्या गोळ्यांत सोडियम पुष्कळ असतं. फसफसणाऱ्या ५०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉलच्या एका गोळीत सुमारे ४०० मिलिग्रॅम. रक्तदाबवाल्याने रोज घेण्याची ती वस्तू नाही.

सिरप ज्यांना चालतं त्यांनी बाटली नीट हलवावी. फिट्सच्या फेनिटोइनच्या सस्पेन्शनमध्ये औषध तळाला बसतं. न हलवता घेतलं तर पहिल्या आठवड्यात मात्रा कमी पडते आणि बाटली संपत आली की विषबाधेइतकी वाढते. घरातला चमचा नको, पाच मिलिलिटरची सुई नसलेली सिरिंज घ्या, ती कुठल्याही दुकानात मिळते. मधुमेह असेल तर शुगर-फ्री मागा, पण त्यातल्या सॉर्बिटॉलने कुणाकुणाला जुलाब होतात हेही लक्षात ठेवा. आणि क्रोनो गोळी बंद करून व्हॅल्प्रोएट सिरप सुरू केलं तर ते दिवसातून दोन-तीनदा विभागून लागतं, डॉक्टरांकडून तसं लिहून आणा.

तोंड टाळायचं असेल तर पॅच आहेत. विस्मृतीच्या रिव्हास्टिग्मिनचा, छातीच्या नायट्रोग्लिसरिनचा, तीव्र वेदनेच्या बुप्रेनॉर्फिनचा. जुना काढल्याशिवाय नवा लावायचा नाही. पाठीवर लावतात, दिसत नाही, विसरतात आणि मात्रा दुप्पट होते. आपल्या घामात पॅच सुटतात, म्हणून जागा साध्या पाण्याने धुऊन, पूर्ण कोरडी करून, तळव्याने अर्धा मिनिट दाबून धरा. पावडर-तेल लावू नका, कापू नका, वर गरम पाण्याची पिशवी ठेवू नका. तापाच्या, वेदनेच्या, शौचाच्या गोळ्या गुदमार्गाच्याही असतात. लोक लाजतात, पण रात्री दोन वाजता ताप चढलाय आणि तोंडाने काही जात नाही तेव्हा त्याच कामी येतात. मे महिन्यात कपाटात ठेवल्या तर वितळतात, फ्रिजच्या दारात ठेवा. दम्याची रोटाकॅप ही गिळायची कॅप्सूल नाही, एवढंही सांगून ठेवतो. यंत्रात घालून ओढायची असते. पाण्याबरोबर गिळणारे अजून भेटतात.

घरात कुणी गरोदर असेल तर सासऱ्यांच्या गोळ्या कुटण्याचं काम तिच्याकडे नको. प्रोस्टेटची फिनास्टेराइड उद्या यादीत आली तर तिची भुकटी गर्भातल्या मुलग्याला अपाय करू शकते. मेथोट्रेक्सेट किंवा कॅन्सरच्या गोळ्या तर घरात कुणीच कुटू नयेत.

ज्यांचा घसा निरोगी आहे आणि फक्त गोळी पाहून गळा आवळतो, त्यांच्यासाठी वेगळं. आपण सगळेच गोळी टाकून मान मागे फेकतो. कॅप्सूल हलकी असते, पाण्यावर तरंगते; मान मागे गेली की ती पुढे दातांकडे येते. कॅप्सूल जिभेवर ठेवून घोटभर पाणी घ्या आणि मान पुढे, हनुवटी छातीकडे करून गिळा. गोळीसाठी मऊ प्लॅस्टिकची पाण्याची बाटली घ्या, ओठ तोंडाशी घट्ट लावून पाणी ओढत गिळा. जर्मनीत हायडलबर्गच्या संशोधकांनी २०१४ साली या दोन्ही पद्धती तपासल्या आणि बहुतेकांना त्यांचा उपयोग झाला. सासऱ्यांवर हे प्रयोग करू नका, हे फक्त धडधाकट माणसांसाठी. लावणीच्या दिवसांत लेप्टो (उंदरांच्या लघवीतून पसरणारा ताप) होऊ नये म्हणून डॉक्टर आठवड्याला २०० मिलिग्रॅम डॉक्सिसायक्लिन देतात. ते मळ्यातून येऊन घाईत, अर्ध्या घोटात गिळून लोक आडवे होतात. ती कॅप्सूल अन्ननलिकेला चिकटली तर भोक पडल्यासारखी जळते, दोन दिवस थुंकी गिळवत नाही. जेवून, पेलाभर पाण्याबरोबर, बसून घ्या आणि झोपायच्या तासभर आधी.

तुमच्यापुरतं पुढचं काम असं. सासूबाईंकडून रिकाम्या पाकिटांसकट सगळ्या पट्ट्यांचे फोटो पुन्हा मागवा, नावं पुरेशी नाहीत, मागची बारीक अक्षरं हवीत. डॉक्टरांना विचारा: यातली कोणती बंद होऊ शकते, मेटोप्रोलॉल आणि मेटफॉर्मिन साध्या रूपात किती आणि केव्हा, टॅमसुलोसिनला काय पर्याय, पॅन्टोप्राझोलऐवजी काय. चिठ्ठीवर ‘गिळण्याचा त्रास आहे’ असं लिहून घ्या. म्हणजे उद्या दुसऱ्या दुकानातला मुलगा एसआर संपली म्हणून दुसऱ्या कंपनीची एसआर हातात ठेवणार नाही, आणि आम्हालाही रूप आपल्या मनाने बदलता येत नाही, चिठ्ठीच लागते. राइल्स ट्यूब, म्हणजे नाकातून पोटात जाणारी नळी, घालायची वेळ आली तर हे सगळं वेगळं होतं. प्रत्येक औषध सुटं, आधी आणि नंतर पाणी, दाणेदार काहीही विचारल्याशिवाय नाही. तेव्हा पुन्हा लिहा. नाडी पन्नासच्या खाली दिसली, वरचा रक्तदाब शंभरच्या खाली गेला, गिळताना ओठ निळे पडले किंवा तापाबरोबर धाप लागली, तर फोनवर बोलत न बसता त्यांना जवळच्या ग्रामीण रुग्णालयात घेऊन जायला सांगा. गाडी नसेल तर १०८.